कण्हणारी गाडी

अंगणात एकोणचाळीस माणसं होती. अकरा खुर्च्यांवर, बाकीची भिंतीला टेकून किंवा नुसती उभी. मधोमध निळी गाडी. तिचे तीन दरवाजे सताड उघडे, चौथा, ड्रायव्हरच्या बाजूचा, बंद. मागच्या काचेखाली दोन स्पीकर, डिकीत एक अॅम्प्लिफायर. ड्रायव्हरच्या जागेवर दाढीवाला शिष्य आणि बॉनेटसमोर, घरातली सर्वांत चांगली खुर्ची अडवून, नादबाबा. घरच्या लेकीने दोनदा मोजलं. चाळिसावी ती स्वतः. या चाळिसांत सकाळपासून पोटात अन्नाचा कण न गेलेलं माणूस एकच होतं, आणि ती तिची आई होती.

आईला मधुमेह. गोळ्या चालू आणि जेवण बंद, असा प्रकार आठ दिवस चालला होता. दिवसातून एक कप दूध. काल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती घाम फुटून खाली बसली, तेव्हा मामांनी लेकीला फोन केला. तोही काळजीने नव्हे, कौतुकाने. ताईची साधना रंगात आलीये, म्हणाले.

झालं होतं ते असं. लेकीचे वडील, अण्णा, गाड्या रंगवायचे. एका शनिवारी दिवसभर खपून त्यांनी स्वतःच्या गाडीत नवा अॅम्प्लिफायर बसवला आणि रविवारी सकाळी, गाडी एकदाही बाहेर न काढता, हृदयविकाराने गेले. तेराव्या दिवशी मामांनी किल्ली फिरवली. गाणं लागायच्या आधी स्पीकरमधून बारीक, ताणलेला आवाज आला. कुणी दात आवळून कण्हावं तसा. मामांचं टायरचं दुकान होतं. चाकाच्या वरचं गाडीतलं काहीही त्यांना कळत नसे. ते धावत गेले आणि नादबाबांना घेऊन आले.

नादबाबांनी निदान केलं की अण्णांचा आत्मा तारांत अडकलाय. तो सुटायचा तर पत्नीने एकवीस दिवस अन्न वर्ज्य करायचं. आठ झाले होते, तेरा उरले होते. आई तेरा दिवस काढू शकणार नाही, हे समजायला लेकीला वैद्यकाची पदवी लागत नव्हती. दवाखान्यांतली हृदयाचे आलेख काढणारी यंत्रं दुरुस्त करणं हा तिचा धंदा होता, आणि रिकाम्या पोटी गोळ्यांनी साखर किती खाली जाते, हे तिला ठाऊक होतं.

शिष्याने गाडी सुरू केली. कण्हणं सुरू झालं. गर्दी आवळली.

नादबाबांनी डोळे मिटले. त्यांचं बोलणं म्हणजे अर्धं कीर्तन आणि अर्धी जाहिरात. त्यांनी सांगितलं की हा सातव्या कंपनलोकातला नाद आहे. विश्वातली प्रत्येक वस्तू कंप पावते, हे आता विज्ञानानेही मान्य केलंय. कुठल्या विज्ञानाने, असं एका रिक्षावाल्याने विचारलं. परदेशी, असं उत्तर मिळालं आणि त्याचं पूर्ण समाधान झालं.

"अण्णा," नादबाबांनी हाक मारली, "वेदना होतायत का?"

आवाज चढला. चढत चढत किंचाळीला टेकला, मग उतरला. चढला म्हणजे हो, न चढला म्हणजे नाही, हा तर्जुमा नादबाबांनी आधीच करून ठेवला होता. आवाज चढला की इंजिनही जोरात घुरघुरत होतं. एकोणचाळीस जणांना मिळून अठ्ठ्याहत्तर कान होते, पण त्यांचाही बंदोबस्त झालेला होता: आत्मा जागा झाला की यंत्रालाही धाप लागते.

"पत्नीच्या उपासाने बरं वाटतंय का?"

आवाज पुन्हा चढला. आईने पदर डोळ्यांना लावला. लेकीच्या डोक्यात तिडीक गेली, पण ती ओरडली नाही. ती गाडीला वळसा घालून गेली आणि तिने चौथा दरवाजा उघडला.

शिष्याचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर होता.

"दादा, जरा पाय बाहेर काढून बसा," ती म्हणाली. "दोन्ही. जमिनीवर."

शिष्याने गुरूकडे पाहिलं. गुरूंनी आसन अभिमंत्रित असल्याचं सांगितलं. लेक म्हणाली, आसनावर बसूनच राहा की, मी फक्त पायांबद्दल बोलतेय. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, काढ ना बाबा पाय, एवढं काय त्यात. शिष्याने पाय काढले.

"विचारा आता, महाराज."

नादबाबांनी अण्णांना तीनदा विचारलं. कण्हणं एकाच पट्टीत, कंटाळल्यासारखं चालू राहिलं.

मग लेक स्वतः आत बसली, पाय सगळ्यांना दिसेल असा ठेवून. "हे नादबाबा लबाड आहेत का?" तिने डॅशबोर्डला विचारलं आणि अॅक्सिलरेटर दाबला. गाडीने जीव तोडून हो म्हटलं.

रिक्षावाला आधी हसला. मग पोरीबाळी हसल्या. मामा हसले नाहीत. "चेष्टा पुरे, इंजिनिअरबाई," ते म्हणाले. "पाय तुझा असेल. पण आवाज कुणाचा? दाजी गेल्यावरच का सुरू झाला?"

नादबाबांनी ही दोरी दोन्ही हातांनी पकडली. पाय हे केवळ निमित्त आहे, नाद अण्णांचाच आहे, ते गंभीरपणे म्हणाले. आणि हसणारे पुन्हा गप्प झाले. माणसाला फसवून घ्यायची एकदा गोडी लागली की एक लबाडी उघडी पडून भागत नाही.

आई उठून गाडीशी आली. तिचा आवाज खोल गेला होता. "ते खोटे असतील गं. पण एवढा एकच आवाज उरलाय त्यांचा. तोही बंद करणार तू?"

लेकीने गाडीतला रेडिओ चालूच ठेवून इंजिन बंद केलं. कण्हणं थांबलं. सुरू केलं, कण्हणं परत. दवाखान्यातली यंत्रंही अशीच रडतात. तिथे तर रोगी जिवंत असतो, आणि आलेखाची रेघ थरथरते ती जमिनीला जोडलेली तार सैल झाल्याने. तिने पिशवीतून वीज मोजायचा मीटर काढला आणि आईला हात धरून डिकीपाशी आणलं.

"हे बघ. अॅम्प्लिफायरला वीज लाल तारेने येते आणि या काळ्या तारेने गाडीच्या पत्र्यात परत जाते. पत्र्यातून बॅटरीकडे. काळी तार पत्र्याला नीट टेकली असेल तर मीटरचं एक टोक तारेला, दुसरं पत्र्याला लावल्यावर जवळजवळ शून्य दिसायला हवं."

मीटरने ०.७४ व्होल्ट दाखवले.

इंजिन बंद करून तिने स्क्रू काढला. तारेखाली रबराचा वॉशर निघाला. त्याच्याखाली निळा रंग, आरशासारखा, ओरखडा नसलेला. भोकाच्या कडेवरसुद्धा बारीक कुंचल्याने रंग फिरवलेला होता.

आई बघतच राहिली. "पट्ट्याचं बक्कल लागेल म्हणून गाडीला कधी टेकू द्यायचे नाहीत कुणाला," ती म्हणाली. "ते कसले खरवडतायत पत्रा."

"म्हणून परतीची वाट बंद झाली. वीज मग रेडिओकडून येणाऱ्या गाण्याच्या तारेतून परत जायला लागली. इंजिनवर फिरणारा अल्टरनेटर बॅटरी भरतो, त्याची कुरकुर त्या गाण्यात मिसळते. इंजिन जोरात फिरलं की कुरकुर वर चढते. शनिवारी त्यांनी तार लावली, त्यानंतर इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ते तेराव्याला. अण्णांना काही दुखत नाहीये, आई. त्यांनी फक्त रंग जपला."

आई रंगकामाच्या शेडमध्ये गेली आणि अण्णांच्या खोक्यातून पॉलिश पेपर घेऊन आली. लेकीने हात पुढे केला. आईने दिला नाही. स्वतः वाकून तिने तो निळा रंग घासला, पत्रा पांढरा चमकेपर्यंत. रबर फेकून दिलं. लेकीने तार बसवून स्क्रू आवळला.

इंजिन सुरू झालं. लेकीने पाय तळापर्यंत दाबला. इंजिन गरजलं. स्पीकर गप्प. मीटरवर ०.०१.

अविश्वासाच्या जागी नाद टिकत नाही, असं सांगून नादबाबा उठले. गंमत अशी की सहा जण त्यांच्यामागे गेले. त्यांतल्या एका बाईंचा फ्रिज दुपारी गुरगुरायचा. उरलेल्यांना लेक एवढंच म्हणाली की यंत्र रडलं तर आधी तार बघा, आणि कुणी आवाजाचा अर्थ सांगू लागला तर त्याचे पाय कुठे आहेत ते बघा. ते दोन्ही करूनही समजलं नाही तर समजलं नाही म्हणा, त्यात लाज नाही. पण तेवढ्यासाठी कुणाला उपाशी मारू नका.

मामांनी मान खाली घालून खुर्च्या आत नेल्या. मग पोळ्यांचं पीठ कुठे ठेवलंय, असं त्यांनीच ताईला विचारलं.

आई दीड पोळी, भाजी आणि वाटीभर डाळ जेवली. दोन तासांनी लेकीने तिच्या बोटाला सुई टोचून साखर मोजली. एकशे बेचाळीस. अगदी ठीक.