झोपणाऱ्या चिपचा परवाना

वकीलबाईंनी करार पुढे सरकवला आणि फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. कारखानदार आणि त्याचा मेहुणा दोघेच केबिनमध्ये उरले.

कारखाना छोटाच होता. वॉशिंग मशीनचे कंट्रोल बोर्ड बनवायचा. बोर्डावरचा प्रोसेसर काम नसलं की झोपायचा आणि बटण दाबलं की सोडलेलं काम तिथूनच उचलायचा. या युक्तीचं पेटंट एका बड्या कंपनीकडे होतं. परवाना घ्या, नाहीतर बोर्ड बंद करा, असं कंपनीने बजावलं होतं आणि आपल्या या वकीलबाईंना करार घेऊन पाठवलं होतं.

युक्ती मुळात कारखानदाराच्या बायकोची. ती दमून आली की बोलता बोलता डुलकी घ्यायची आणि जागी होऊन अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायची. तो चेष्टा करायचा. एक दिवस तिने ती चेष्टा मनावर घेतली आणि तशीच झोपणारी चिप बनवली. तेव्हा ती त्याच कंपनीत होती, आणि पेटंटवर नाव लागलं तिच्या साहेबाचं. भांडायचं म्हणत होती. पुढे दवाखान्यातून उसंतच मिळाली नाही.

आता भांडायचं राहिलं होतं त्याच्याकडे. आणि करारातली बारावी अट म्हणत होती, शोध कुणी लावला यावर परवाना घेणाऱ्याने कधीही, कुठेही तोंड उघडायचं नाही.

"भाऊजी, करा सही. खाली माणसं हातावर हात ठेवून बसलीत."

"अरे, तुझी सख्खी बहीण होती ती!"

"म्हणूनच सांगतोय. बोर्ड बंद पडलेला ताईला बघवला असता? कान धरून सही करायला लावली असती तिने तुम्हाला."

हे खरं होतं. म्हणून तर सुटका नव्हती.

बाई परत आल्या. "ही एक अट काढा," तो म्हणाला. "बाकी सगळं मान्य."

"अहो, छापील मसुदा आहे. सगळ्यांना तोच."

त्याने सही केली.

जाताना बाईंना बोर्ड बघायचा होता. चाचणीच्या टेबलावर त्याने मशीन मध्येच थांबवलं, दिवे विझू दिले आणि बटण दाबलं. ड्रम राहिलेला फेरा पुरा करू लागला.

"अगंबाई! विसरलं नाही हो ते! कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे?"



"तुमच्या साहेबांच्या," तो म्हणाला.