दुखण्याला रकाना नाही

दवाखान्याच्या व्यायाम विभागात माझं काम एकच. रुग्णांनी घरी व्यायाम केला की नाही, ते मोजायचं. रुग्ण घरीच कागद भरतो: केला तर बरोबरची खूण, नाही तर फुली. दुखतं का, सूज आहे का, याला कागदावर रकानाच नाही. रकाना नसलेलं दुखणं आमच्याकडे दुखत नाही.

शिंपीकाकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पहिल्या आठवड्यात सातच्या सात फुल्या. मी फोन लावला.

"काका, एक दिवस तरी पलंगावर टाच घासत पाय ओढा की, दहाच वेळा!"

"पोटरी टम्म फुगलीये गं पोरी. हात लावू देत नाही."

"होतं तसं. खुणा करत चला. फुल्या दिसल्या की विभागाच्या मोठ्या बाई यादीतून नाव कापतात."

"खोटं माप लिहू? चाळीस वर्षांत नाही लिहिलं."

"लिहा हो. इथे कोण टेप घेऊन येतंय?"

ते हसले. मीही हसले.

नव्या महिन्याचा कागद सुरू झाला. सोमवारी काका फोनवर म्हणाले, "सगळ्या खुणाच आहेत." मोठ्या बाई खूश. "याला काय बघायचंय?" म्हणत त्यांनी काकांची तपासणी पुढे ढकलली. पोटरीतली रक्ताची गुठळी छातीत गेली. अकरा तारखेला काका गेले.

तेराला त्यांची सून कागद देऊन गेली. खुणा थेट तीस तारखेपर्यंत. एकाच बैठकीत, एकाच पेनने.

मोठ्या बाई म्हणाल्या, "अकरापर्यंत धर. शंभर टक्के."

मी धरले. हात झडला नाही माझा.

तेव्हापासून सकाळी विभागाचं दार उघडलं की भिंतीकडच्या पलंगावर टाच घासत ओढल्याचा आवाज येतो. दहा वेळा. पलंग रिकामा, चादरीला सुरकुती नाही.

"उंदीर असेल," झाडूवाल्या मावशी म्हणाल्या.

उंदीर दहा मोजून थांबतो का?

एकोणिसाला मी काकांच्या घरी गेले. सुनेने पाणी दिलं. ती समोर बसली.

"ताई, बाबा खोटं लिहिणारे नव्हते हो. त्या खुणा कुणी करायला लावल्या?"

"मी."

ती ओरडली नाही.

"म्हणजे पायाचं तुम्हाला बोलले होते? आम्हाला म्हणायचे, तिथे माहीत आहे, तुम्ही काळजी करू नका."

"बोलले होते."

ती उठून उभी राहिली. मला वाटलं, आता दार दाखवेल.

"बसा," ती म्हणाली. "हे सहा वाजता येतात. त्यांच्यासमोर सांगा."

मी बसले.