कंट्रोलमधलं नाव

धनीबाई अंगणात तूर पाखडत बसली होती आणि तिची चार वर्षांची नात शीला सुपातून उडालेले दाणे वेचून परत सुपात टाकत होती, म्हणजे मदत कमी आणि लुडबूड जास्त. आसेगावच्या पुढचा हा तांडा फेब्रुवारीत निम्मा रिकामाच असतो. धनीबाईचा मुलगा किशनही दिवाळी झाली तसा ऊसतोडीला गेलेला. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आणि कुत्र्यांनी तांडा राखायचा, असं आता ठरूनच गेलं आहे.

दहाच्या सुमारास पांढरी जीप आली आणि तिच्यातून वैजयंती उतरली. औषधाच्या प्रकल्पात काम करणारी ही बाई तांड्याला चांगली ओळखीची होती.

"मावशी, कारंजाले चालता का? नाटकात घ्याचं हाय तुमाले."

"मले? आता या वयात नाचाले लावतं का व?"

"नाचू नका, माय. एकच वाक्य बोलाचं हाय."

मग तिने सगळं सांगितलं. डॉक्टर हरीओम मूळचे कारंजाचे. गर्भार बायांचं रक्त वाढवणारी पिवळी गोळी त्यांनी शोधून काढली, ती याच भागातल्या तांड्यांवर तपासली, आणि दिल्लीत त्यांचा मोठा सन्मान झाला. आता गावात सत्कार होता. कॉलेजने त्यांच्या संशोधनावर नाटक बसवलं होतं. शेवटच्या प्रवेशात तांड्यातली खरीखुरी बाई फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, घालून येणार आणि म्हणणार, 'साहेबाच्या गोळीनं आमच्या बाया वाचल्या.' वैजयंतीने आधी दोन दारं पाहिली होती. दोन्हींना कुलूप होतं, म्हणून ती नाइलाजाने तिसऱ्या दारी आली होती, आणि आल्यापासून तिने शीलाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"आमची तं नाई वाचली," धनीबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सूपही थांबलं नाही.

"दुसऱ्या वाचल्या ना, मावशी."

"हो, थे खरं हाय." तिने सुपातला एक खडा काढून टाकला. "साहेब भेटतीन ना तथी? कंट्रोलचं इचारतो मी त्याहिले. चार सालं झाले, दाना नाई आला."

वैजयंतीने जीपकडे पाहिलं. "चाला, फेटिया-कांचळी घ्या बरोबर," एवढंच ती बोलली.

ही कंट्रोलची भानगड चार वर्षांपूर्वीची. हीच वैजयंती तेव्हा रजिस्टरं घेऊन तांडाप्रमुख नाईकाच्या ओट्यावर बसली होती आणि तांड्यातल्या सगळ्या गर्भार बाया समोर रांगेत होत्या. चिठ्ठी उचलायची, आणि जशी चिठ्ठी निघेल तसं नाव दोनांपैकी एका यादीत पडायचं. धनीबाईची सून रंजीता पाचव्या महिन्यात होती. तिचं नाव पहिल्या यादीत पडलं.

"हे गोळीची यादी," वैजयंती शेजारणीला सांगत होती, "आन् हे कंट्रोलची."

आता वऱ्हाडातल्या कोणत्याही बाईला विचारा, कंट्रोल म्हणजे काय. ती सांगेल, कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. कंट्रोलचे गहू, कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलवाल्याच्या शिव्या. धनीबाईच्या घराचं नाव त्याच साली कंट्रोलमधून गळालं होतं, कारण सगळं घर ऊसतोडीवर असताना यंत्रावर अंगठा द्यायला कोणी नव्हतं. तहसीलला खेटे घालून तिच्या वहाणा झिजल्या होत्या. आणि इथे एक शिकलेली बाई ओट्यावर बसून कंट्रोलची यादी करत होती.

"बाई, आमचं नाव कंट्रोलमधी घाला," धनीबाईने रजिस्टरावर हात ठेवला. "गोळी तं साऱ्यायलेच भेटून राह्यली ना?"

"हो, गोळी दोन्ही यादीत हाय."

ते खरंच होतं. रंग तोच, आकार तोच. वैजयंतीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला धनीबाईची चूक कळली. दोन वाक्यांत ती निस्तरली असती. पण उन्हं कलली होती, चाळीस फॉर्म बाकी होते, जीपवाला हॉर्न वाजवत होता. आणि खरी गोष्ट ही की, कंट्रोल हा शब्द ऐकल्यापासून रांगेतल्या बाया काही न विचारता अंगठे देत होत्या. तिने इकडचं नाव तिकडे केलं, तिकडचं इकडे. दोन्ही याद्या सारख्या राहिल्या.

"घ्या, लावलं नाव," ती म्हणाली. धनीबाईने तिला हात जोडले.

अट एकच होती. उपकेंद्राची रक्तवाढीची लाल गोळी घ्यायची नाही, दोन्ही गोळ्या एकत्र चालत नाहीत. आशाताईने वाटलेली लाल पाकिटं वैजयंतीने घरोघर फिरून पिशवीत भरून नेली. रंजीता विसरभोळी, म्हणून रोज जेवणानंतर पिवळी गोळी धनीबाई स्वतः तिच्या जिभेवर ठेवायची आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. सुनेचे तळहात पांढरे पडत गेले, पाणी आणताना ती दोनदा बसू लागली. तरी गोळी चुकली नाही. शीला झाली आणि रंजीताचं रक्त थांबेना. मंगरूळपीरच्या अलीकडेच, जीपमध्ये, सासूच्या मांडीवर तिचा जीव गेला. 'अंगात रक्तच नव्हतं,' असं दवाखान्यात सांगितलं. धनीबाईने नशिबाला बोल लावला आणि बकरीचं दूध पाजून नात वाढवली.

कारंजाचं सभागृह भरलेलं होतं. नाटक मंजुषा मॅडमनी लिहिलं होतं. त्या कॉलेजात शिकवत, हुशार होत्या, आणि नुसतं गुणगान करायचं नाही, शास्त्रज्ञाच्या मनातली घालमेलही दाखवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. धनीबाई आरशांची कांचळी घालून, शीलाला कडेवर घेऊन पडद्याआड उभी होती. आपलं वाक्य ती ओठांतल्या ओठांत घोळवत होती. रंगमंचावर पांढरा कोट घातलेला विद्यार्थी एकटाच प्रकाशात आला.

"अर्ध्या बायांना मी खरी गोळी दिली," तो म्हणाला. "आणि अर्ध्यांना नुसती पिठाची. त्यांना कळलंही नाही. तो माझा कंट्रोल गट! त्या खंगल्या, तेव्हा माझी गोळी खरी ठरली. माझ्या कीर्तीला त्यांच्या रक्ताचा वास येईल का?"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत डॉक्टर हरीओम यांनी गंभीरपणे मान हलवली. शंका अशी रंगमंचावर छान उजेडात मांडली की तिचाही एक दागिना होतो. कंट्रोलच्या बायांना निदान लाल गोळी देऊ, असं संशोधनाच्या मूळ कागदात लिहिलेलं होतं आणि फरक डोळ्यांत भरावा म्हणून ती ओळ डॉक्टरांनी स्वतः खोडली होती, हे मात्र नाटकात नव्हतं. मंजुषा मॅडमना ते कोणी सांगितलंच नव्हतं.

"वैजूबाई," धनीबाईने शेजारी उभ्या वैजयंतीचा हात धरला, "थो पोरगा काय बोलला? पिठाची गोळी कोनाले?"

"कंट्रोलवाल्यायले."

"म्हंजे रंजीताले?"

"तुमीच म्हटलं होतं ना, मावशी, नाव घाला म्हणून..." बोलता बोलता वैजयंतीलाच ते ऐकवेना. "मले समजलं होतं. तुमी रेशन समजून राह्यल्या, हे मले तवाच समजलं होतं. म्या सांगतलं नाई."

"म्या माह्या हातानं देल्ली व," धनीबाई म्हणाली. "रोज."

तेवढ्यात मंजुषा मॅडमनी पलीकडून हाताने खूण केली. धनीबाईने नात वैजयंतीच्या कडेवर दिली आणि ती प्रकाशात गेली.

"माहं नाव धनीबाई," ती बोलू लागली. "माही सून रंजीता. तिचं नाव गोळीत निंगालं होतं. म्या हात जोडून कंट्रोलमधी घातलं. मले वाटलं, कंट्रोल म्हंजे गहू."

लोक हसले. अगदी मनापासून हसले.

"थे मेली. पिठाची गोळी म्याच तिच्या जिभेवर ठेवो. मी अडानी हावो, साहेब. पन तुमाले तं माहीत होतं कंट्रोल म्हंजे काय. मंग काहून नाई सांगतलं?"

मग कोणीतरी मागून टाळी वाजवली आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, सगळे उभे आहेत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तेही उठून टाळ्या वाजवू लागले. वर येऊन त्यांनी धनीबाईच्या खांद्यावर शाल घातली.

"काय जिवंत अभिनय केलात, बाई!"

"अभिनय नाई, साहेब. खरं हाय."

"अगदी खरं वाटलं," ते म्हणाले आणि फोटोसाठी कॅमेऱ्याकडे वळले.

आपणही त्या सभागृहात असतो, तर उभे राहिलो असतो. डोळे पुसत घरी आलो असतो आणि किती सुंदर नाटक झालं म्हणून शेजाऱ्यांना सांगितलं असतं.

गर्दी बाहेर पडत असताना एक कारकून कागद आणि शाईची डबी घेऊन आला. "बाई, इथं अंगठा लावा. शूटिंग केलं ना, त्याची परवानगी. काही नाही त्यात."

धनीबाईने मूठ मिटली.

"मागंबी काईच नोतं त्यात," ती म्हणाली.

कारकून हसला, घड्याळाकडे पाहू लागला. बाहेर जीपवाल्याने हॉर्न दिला. वैजयंतीच्या खांद्यावर शीला झोपली होती. तिने मोकळ्या हाताने कारकुनाकडून तो कागद घेतला.

"वाच व वैजू," धनीबाई म्हणाली. "आन् जो शब्द मले समजला असं तुले वाटन, थो पयले सांग."

जीपवाला पुन्हा हॉर्न देत होता. वैजयंती तिथेच पायरीवर बसली आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली.