अंतर्यामींना कोण सांगतं?

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांत चढून बसली होती. मंचावर मनातलं ओळखणारे म्हणून गाजलेले अंतर्यामी महाराज डोळे अर्धे मिटून, मान झुकवून बसले होते. एकदम त्यांनी बोट रोखलं.

"तिसरी रांग. ऊठ बाळा. डाव्या छातीत गाठ आहे. नवऱ्यालासुद्धा बोलली नाहीस."

उभी राहिली ती माझी वहिनी. शेजारी भाऊ आ वासून बघत राहिला. मलाही ठाऊक नव्हतं. सभागृहभर हुंकार उठला.

"चाकू लावू नकोस. चाकू लागला की गाठ चिडते! तीन महिने माझं पाणी घे."

वहिनी दप्तरं शिवण्याच्या कारखान्यात काम करते. हातात कात्री असली की भल्याभल्यांचं ऐकत नाही. पण तिनं रुग्णालयात ठरलेली तपासणी रद्द केली. मी भांडले, भाऊ रडला.

"डॉक्टरांना तपासून कळलं," ती म्हणाली, "ह्यांना न तपासता कळलं. मग मोठं कोण?"

मी मोबाइल दुरुस्त करते. अडीच महिन्यांनी वहिनीचा फोन माझ्याकडे आला. बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नव्हती. उघडून पाहते तर 'अंतर्यामी आशीर्वाद' नावाचं अ‍ॅप आतल्या आत सतत चालू. रोज सकाळी एक फूल आणि एक सुविचार दाखवायचा, एवढंच त्याचं काम. त्यासाठी त्यानं काय काय घेतलं होतं? सगळे नंबर, सगळे मेसेज, ती कुठे जाते-येते तेही. आणि मेसेजमध्ये रुग्णालयानं तारखेसकट लिहिलं होतं : डाव्या स्तनातील गाठ, सुईने तपासणी.

मी फोन तिच्यासमोर धरला.

"वहिनी, हे अ‍ॅप काय काय मागतं, ते घेताना वाचलं होतंस?"

"अ‍ॅपशिवाय सभेचा पास देत नाहीत. आणि आशीर्वाद काय वाचून घ्यायचा असतो? तुझं डोकंच तसलं!"

मग मी दुकानातल्या एका जुन्या फोनवर नवं सिम घालून ते अ‍ॅप घेतलं. माझ्याच दुसऱ्या फोनवरून त्यावर मेसेज पाठवले : 'तुझी जुळी बहीण बुडाली त्याला वर्ष झालं. आईला अजून खरं सांगितलेलं नाही.' आणि त्याच अ‍ॅपवर माझा फोटो देऊन खुर्चीच्या नंबराचा पास काढला. भाऊ-वहिनीला घेऊन पुढे जाऊन बसले.

अंतर्यामींनी बोट रोखलं. "तुझी जुळी बहीण पाण्यात गेली. ती इथेच उभी आहे."

"काय म्हणते?"

"म्हणते, आईला खरं सांग." बायका मुसमुसायला लागल्या.

"ही बहीण मी गेल्या मंगळवारी दुकानात डबा खाताना जन्माला घातली!" मी ओरडले आणि मेसेज वाचून दाखवले.

भाऊ उठला. "आम्ही दोघंच भावंडं. जुळं-बिळं कुणी नाही."

सेवेकरी माझ्याकडे धावले. भाऊ त्यांना आडवा झाला. तेवढ्यात वहिनी मंचावर चढली. अंतर्यामींच्या पायांशी फुलांचा ढीग होता, त्यांची नजर सारखी तिकडेच जात होती. तिनं तो दोन्ही हातांनी उपसला. आत छोटा पडदा. त्यावर माझा फोटो आणि माझी बुडालेली बहीण, शब्दन् शब्द.

तिनं पडदा लोकांकडे फिरवला. "माझी गाठ पण ह्याच्यावरच वाचलीत?"

"बाळा, ही तुझ्या श्रद्धेची परीक्षा..."

"बाळा म्हणू नका मला!"

दुसऱ्याच दिवशी आम्ही रुग्णालयात गेलो. गाठ कर्करोगाची निघाली, काखेपर्यंत पसरली होती. "तीन महिने आधी का नाही आलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. शस्त्रक्रिया झाली, औषधं चालू आहेत. त्या माणसावर तक्रार केली आहे. आणि तरी माझ्या दुकानात येणाऱ्या फोनांत ते अ‍ॅप अजून सापडतं. "चित्रं छान असतात हो," लोक म्हणतात.

चित्रं! अहो, फूल दाखवायला कुणाला तुमचा आजार कळावा लागत नाही. कुणाला तुमच्या मनातलं कळलं, तर नमस्कार करण्याआधी त्याला ते कुठून कळलं, हे विचारा. देवाच्या नावानं मागो की खेळाच्या, अ‍ॅप जे मागतं ते त्याला कशाला हवंय, हे विचारा. उत्तर पटलं नाही, तर काढून टाका. आणि गाठ हाताला लागली, तर डॉक्टरांकडे जा. त्याच दिवशी.