पिवळ्या चौकोनातला डबा

उकंडरावांना वाहतुकीचा दंड झाला, हे त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, आधी खरंच वाटलं नाही. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. पूर, घाट, बैलगाड्या, रस्त्यात नाचणाऱ्या वराती, सगळ्यांतून गाडी काढली, पण कुणाच्या कोंबडीलाही धक्का लागला नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला घरात देवांच्या तसबिरींशेजारी, त्याच रांगेत, खिळ्याला टांगलेला. वच्छलाबाई सकाळी उदबत्ती ओवाळताना बिल्ल्यालाही ओवाळून घेत, उगाच घरात वाद नको म्हणून.

अशा माणसाच्या मोबाइलवर चलान आलं. चिखलीच्या चौफुलीवर पिवळ्या चौकोनात स्कूटर उभी केली, हा गुन्हा.

मागच्या वर्षी ती चौफुली मोठी झाली, सिग्नल लागले आणि रस्त्याच्या मधोमध पिवळ्या रेघांची मोठी जाळी मारली गेली. त्या जाळीत थांबायचं नाही. पलीकडे जागा असेल तरच आत शिरायचं, नाहीतर अलीकडे उभं राहायचं. निम्म्या गावाला ती निवडणुकीआधीची रांगोळी वाटली. उकंडरावांना मात्र नियम चांगला माहीत होता, आणि सगळ्यात जास्त तेच त्यांना लागलं होतं.

"भरून टाका ना बाबा," त्यांचा मुलगा गोपाल म्हणाला. तो बसस्टँडसमोर ऑनलाइन कामांचं दुकान चालवतो. "काऊन एवढ्याशासाठी डोकं खराब करून राह्यले?"

"पैशाचं नाही बे. एकतीस वर्षांत माह्या नावावर एक कागद नाही लागला. आता म्हातारपणी लावून घेऊ का? लिही तक्रार."

गोपालनं लिहिली. समोरून आलेली बस मधेच थांबली, तिच्यापाशी माझी स्कूटर थांबली, दंड रद्द व्हावा. उकंडरावांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. सगळं खरं होतं. आता खरं ते सगळंच लिहिलं पाहिजे, असा काही कायदा नाही.

न लिहिलेलं होतं ते असं.

उकंडराव खामगावहून मेहकरला गाडी नेत, आणि रहेमतुल्ला नावाचे ड्रायव्हर मेहकरहून खामगावला. दोघांच्या गाड्या सकाळी एकाच सुमाराला सुटत आणि सव्वानऊला चिखलीच्या चौफुलीवर समोरासमोर येत. एसटीच्या ड्रायव्हर लोकांची एक जुनी खोड आहे. ओळखीची गाडी समोरून आली की खिडकीला खिडकी लावून थांबायचं. रस्ता कुणाच्या बापाचा असो, दोन मिनिटं त्यांची. त्या दोन मिनिटांत पुढचा रस्ता कसा आहे ते कळायचं, घरचं बरंवाईट कळायचं, आणि या खिडकीतून त्या खिडकीत डबा जायचा. मागच्या ट्रकनं हॉर्न मारला की संपलं.

बावीस वर्षं दोघांची मैत्री अशी दोन-दोन मिनिटांची चालली. परतीच्या फेऱ्या वेगळ्या, सुट्टीचे वार वेगळे, गावं वेगळी. एकमेकांना त्यांनी जवळजवळ कमरेपासून वरच पाहिलं होतं. रहेमतुल्ला लंगडत चालतात, हे उकंडरावांना अकराव्या वर्षी कळलं, आणि तेही दुसऱ्याकडून.

गिअर टाकताना रहेमतुल्ला रोज म्हणायचे, "उकंडभाऊ, बसू एक दिवस निवांत."

"बसू ना रहेमतभाई, बसू."

डबा स्टीलचा, लहान, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, फातिमा. रहेमतुल्लांच्या बायकोचं. डबा रिकामा परत करायचा नाही, एवढा एकच नियम. शीरखुर्मा गेला की पुरणपोळी यायची, पुरणपोळी गेली की कबाब यायचे. ते उकंडराव गाडीतच संपवत आणि वच्छलाबाईंना सांगत की भजी होती. वच्छलाबाईंनी एकदाही विचारलं नाही की ही कसली भजी, जी घरापर्यंत कधी पोचतच नाहीत.

मग एका ईदला शीरखुर्म्याचा डबा आला आणि तिसऱ्या दिवशी रहेमतुल्लांच्या गाडीवर दुसराच ड्रायव्हर दिसला. त्यानंही खिडकीला खिडकी लावली. "रहेमतभाई गेले, पहाटे. दुपारी माती हाय," तो म्हणाला.

उकंडरावांच्या गाडीत पंचावन्न माणसं होती. गाडी मेहकरलाच चालली होती, पण मेहकरला पोचल्यावर लगेच परतीची फेरी. बदली ड्रायव्हर मिळाला नाही. मित्राची माती जिथं होत होती, त्या गावातून ते वेळेवर गाडी घेऊन निघाले. आठ दिवसांनी घरी भेटून आले, पण डबा नेला नाही. विसरले नव्हते. डबा परत केला की सगळं मिटलंच, असं त्यांना वाटलं. डबा घरात आहे तोवर काहीतरी देणंघेणं बाकी आहे. दोन वर्षं तो फळीवर राहिला, आणि मधल्या काळात उकंडराव रिटायर होऊन चिखलीत घरी बसले. आता निवांत बसायला सगळा दिवस मोकळा होता, आणि बसायला कोणी नव्हतं.

या हिवाळ्यात एका जुन्या कंडक्टरनं सांगितलं, "रहेमतभाईची पोरगी मलिहा ड्रायव्हर झाली. बापाच्याच गाडीवर हाय. सव्वानऊले चौफुलीवरून जाते."

उकंडरावांनी त्याच रात्री वच्छलाबाईंना मेथीचे लाडू करायला सांगितले.

आता खरं सांगायचं तर ते रस्त्याच्या कडेला उभे राहणार होते. पण मेहकरची गाडी समोरून येताना दिसली, आणि बावीस वर्षं ज्या जागी ब्रेक लागायचा त्याच जागी हातानं ब्रेक दाबला. त्या जागेवर आता पिवळी जाळी आहे, हे हाताला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मलिहानंही गाडी बरोबर त्याच जागी आणून लावली. लहानपणी सुट्टीत ती बापाच्या सीटमागे बसून यायची. चौफुली आली की थांबायचं, एवढं तिला पाठ होतं.

"चाचा! तुमी?"

"तुमचा डबा हाय बेटा. दोन वर्षं झाली."

पूर्वी खिडकीला खिडकी असायची. आता स्कूटरवर उभं राहून, टाचा उचलून डबा वर द्यावा लागला. वरून खाकी बाहीतला हात आला आणि त्यानं डबा धरला. मागून हॉर्न वाजले. नेमका तेवढ्यात खांबावरच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला.

महिनाभरानं बुलढाण्याच्या वाहतूक शाखेतून बोलावणं आलं. उकंडराव इस्त्रीचा सदरा घालून गेले. खिशात बिल्ला होता, पुरावा म्हणून.

टेबलापलीकडे हवालदार धम्मशीला होत्या. चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी तक्रार वाचली, बिल्ला हातात घेऊन पाहिला, आदरानं परत दिला.

"काका, तुमचं म्हणणं बरोबर दिसते. बस मधात थांबली म्हणून तुमी अडकले. पण फोटो तुमच्या स्कूटरपुरताच कापला हाय, बसचा नंबर येत नाही. बाकीचं चित्रण महिन्यानं पुसलं जाते. तुमी फक्त कोणती गाडी, कोण ड्रायव्हर ते सांगा. मी डेपोले पत्र टाकते. तुमचं चलान आजच रद्द."

उकंडरावांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तक्रार लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त स्वतःची पाटी होती, ती कोरी राहायला हवी होती. ती कोरी ठेवायची तर मलिहाच्या पाटीवर लिहावं लागणार, हे त्यांना आत्ता दिसलं.

"पत्र गेलं तं काय होते?" त्यांनी विचारलं.

"चौकशी होते. ड्रायव्हर जुना असला तं समज देऊन सोडतात. नवा असला, कायम व्हायचा असला, तं मग काही सांगता येत नाही."

मलिहाच्या नोकरीला अजून वर्ष व्हायचं होतं.

धम्मशीलांनी फोटो मोठा करून पडदा त्यांच्याकडे वळवला. "पाहा, ओळखू येते का कोणी. चेहरा नाही, पण हात हाय. घड्याळ केवढं मोठं हाय, गडी माणसाचाच हात दिसते."

उकंडरावांनी पाहिलं. खाली त्यांचा स्वतःचा हात, वर खाकी बाहीतला हात, आणि मधे डबा. वरच्या हातात जुनं मोठं घड्याळ होतं, आणि त्याची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला होती. रहेमतुल्ला घड्याळ असंच घालायचे, स्टिअरिंगवर हात असताना वेळ दिसावी म्हणून. बापाचं घड्याळ पोरीनं बापासारखंच घातलं होतं. त्या दिवशी डबा देण्याच्या घाईत त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं, आणि क्षणभर त्यांना तो हात रहेमतुल्लांचाच वाटला.

"कोण होता ड्रायव्हर, काका?"

"रहेमतुल्ला," उकंडराव म्हणाले.

भजी सोडली तर एकतीस वर्षांच्या नोकरीत हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. त्यामुळे त्यांना ते नीट येतही नव्हतं. विचारलं नसताना त्यांनी रहेमतुल्लांच्या छातीवरचा ड्रायव्हरचा बिल्ला नंबरही सांगून टाकला. तो त्यांना स्वतःच्या नंबरासारखा पाठ होता. गेलेल्या माणसाचं कोण काय वाकडं करणार, एवढाच त्यांचा हिशोब. बाई तिथल्या तिथे फोन उचलतील, हे काही सुचलं नाही.

धम्मशीलांनी डेपोत फोन लावला, नंबर सांगितला, थोडा वेळ ऐकलं आणि हळूच फोन ठेवला.

"काका, हे ड्रायव्हर तं दोन वर्षं झाली, वारले."

"हाव," उकंडराव म्हणाले. "मले माहीत हाय."

आणि ते रडायला लागले. पोलिसांच्या कचेरीत, इस्त्रीच्या सदऱ्यात, साठीला आलेला माणूस लहान पोरासारखा रडला. "मातीले नाही जाता आलं ताई. त्याच गावात होतो. गाडीत लोकं होते, मले गाडी सोडता नाही आली. बावीस वर्षं म्हणे, बसू एक दिवस निवांत. नाही बसलो आमी."

धम्मशीलांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग त्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. डब्याकडे, आत वळलेल्या घड्याळाकडे. विचारायचं ते त्यांच्या तोंडाशी आलेलं दिसत होतं.

"कागद द्या ताई," उकंडराव घाईनं म्हणाले. "मी तक्रार मागं घेतो."

"मागं घेतली तं दंड भरा लागते. नावावर राहीन तो."

"राहू द्या."

धम्मशीलांनी कागद दिला. "कारण लिहा खाली," एवढंच त्या म्हणाल्या. 

उकंडरावांनी लिहिलं, 'मी स्वतःहून थांबलो होतो.' सही केली. वाचून पाहिलं, तर हेही खरंच होतं.

दारापर्यंत जाऊन ते परत फिरले. "ताई, तो फोटो भेटन का मले?"

"दंड भरला की पावतीसंगं छापून देते."

एवढ्या आनंदानं दंड भरणारा माणूस त्या कचेरीनं आधी पाहिला नसेल.

घरी आल्यावर त्यांनी बिल्ला ट्रंकेत ठेवला आणि त्या खिळ्याला फोटो लावला. वच्छलाबाईंनी जवळ जाऊन पाहिलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी उदबत्ती फोटोवरूनही फिरली.

एक काम राहिलं होतं, ते सगळ्यात अवघड. कंडक्टरकडून नंबर घेऊन त्यांनी मलिहाला फोन केला. "बेटा, आता चौफुलीवर थांबत नको जाऊ. तिथं कॅमेरा हाय. तुही नोकरी नवी हाय."

 "हाव चाचा," ती म्हणाली.

उकंडरावांनी फोन ठेवला. दोन वर्षं बंद असलेली चौफुली एका सकाळपुरती उघडली होती, आणि ती त्यांनी आपल्याच हातानं बंद केली. डबाही आता घरात नव्हता.

तरी सकाळ झाली की पाय ऐकेनात. सव्वानऊला ते चौफुलीवर जात, स्कूटर लांब लावत आणि पिवळ्या रेघेच्या बाहेर, चहाच्या टपरीपाशी उभे राहत. मेहकरची गाडी यायची, जाळी ओलांडून सरळ निघून जायची. खिडकीतून हात हलायचा, आत वळलेलं घड्याळ दिसायचं आणि गाडी खामगावच्या रस्त्याला लागायची. दोन मिनिटांची भेट आता दोन सेकंदांवर आली होती. तेवढ्यासाठी ते रोज जात.

पाचव्या की सहाव्या दिवशी गाडी जाळीतून हळूहळू पुढे आली. थांबली नाही. मलिहानं कुठलाही नियम मोडला नाही. फक्त टपरीसमोरून जाताना तिनं खिडकीतून मान बाहेर काढली आणि इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडली,

"चाचा! डबा भरून ठेवला हाय अम्मीनं! शुक्रवारी सुट्टी हाय माही. आमी दोघी तुमच्या घरी येऊन राह्यलो. बसू निवांत!"

गाडी गेली. उकंडराव हातात चहाचा ग्लास धरून तसेच उभे राहिले. हा शब्द त्यांनी बावीस वर्षं ऐकला होता, त्याला ठरलेला वार आज पहिल्यांदा मिळाला.

"काऊन हो काका, काय झालं?" टपरीवाल्यानं विचारलं.

"काही नाही," उकंडरावांनी डोळे पुसले. "शुक्रवारी दूध जास्त लागन, तेच आठवून राह्यलो."