तेहतीस फूट

फिल्म संग्रहालयात एका सामुराईपटाची जुनी प्रिंट तपासताना तिला पाचव्या रिळात एक सांधा दिसला, फिल्म कापून पुन्हा जोडल्याची खूण. सांधा बाबांचा होता. इतका सरळ सांधा त्यांच्याशिवाय कुणी मारत नसे. ही प्रिंट थिएटरात चालवणारे ऑपरेटर तेच. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. कापलेला तुकडा त्यांच्या कपाटात, एका डबीत मिळाला. तेहतीस फूट, म्हणजे बावीस सेकंद. डबीवर त्यांच्या अक्षरात तारीख होती.

भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची.

ते भांडण घरात सगळ्यांना पाठ होतं. त्याच थिएटरच्या जिन्यावर दोघे भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले. काकांनी हातातली सळई खाली टाकली, तरी बाबांची काठी बसलीच. काकांचा डावा डोळा गेला. "तू टाकलीस ते मी पाहिलंच नाही रे," बाबा म्हणाले. काकांनी ते मानलं आणि पुढची एकतीस वर्षं त्याच भावाच्या मांडीला मांडी लावून जेवले.

तिने डबी चार दिवस खणात ठेवली. पाचव्या दिवशी काकांना संग्रहालयात बोलावलं.

"काय गं, एका डोळ्याच्या माणसाला सिनेमा? मग तिकीट अर्धं घे."

"काका, हे बाबांनी कापलेलं आहे. आधी तारीख बघा. नको वाटलं तर इथंच थांबू."

काकांनी डबी खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"फिरव."

तिने तुकडा हाताने फिरवायच्या यंत्रात लावला. वहीएवढ्या पडद्यावर गवत, आणि गवतात समोरासमोर दोन सामुराई. कुणीच हलत नव्हतं.

"हेच ते!" काका पुढे झुकले. बाबांच्या थिएटरच्या दारावर तिकिटं फाडता फाडता त्यांनी हा सिनेमा वीसेक वेळा पाहिला होता. "तलवारी चालतात ते कुणीही बघेल. काही हलत नाही, तिथं खरी गंमत. हे गेलं तेव्हा मी केवढा ओरडलो होतो, प्रिंट कुणी खाल्ली म्हणून! दादा म्हणाला, अशीच आलीय."

चौदाव्या सेकंदाला एका सामुराईने तलवार खाली केली. दुसऱ्याची नजर तलवारीच्या टोकापर्यंत गेली आणि परत वर आली. तुकडा संपला. वार त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये होता; तो बाबांनी कापला नव्हता, रिळातच होता.

"मागं घे."

तिने मागं घेतलं. नजर खाली गेली, वर आली.

"पाहिलं होतं त्यानं," काका म्हणाले.

कुणाबद्दल, हे तिने विचारलं नाही.

"रोज चार खेळ, काका. चारही वेळा त्यांना हे बघावं लागलं असतं."

"हो. आणि मी त्याला रोज डबा नेऊन देत होतो."

"बंद करू?"

"नको. पुन्हा."

तिने पुन्हा फिरवलं. मग आणखी एकदा. सहाव्यांदा काकांचं नाक पडद्याला लागायचं बाकी होतं. तलवार खाली यायला लागली तसे ते हळूच, समजूत काढल्यासारखं म्हणाले, "दादा, खाली बघू नकोस."

सामुराईने खाली पाहिलं.

"पुन्हा," काका म्हणाले.