शेवाळाचा दोष

पवन गडचिरोलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. त्याच्या घरी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी होती. समुद्र कधी न पाहिलेली माणसं ती बघायला येत, आणि पवनला ते फार आवडायचं. रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही मासे दिसावेत म्हणून त्याने टाकी खिडकीशी हलवली.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्याची आई सुगंधाबाई गावाहून आली होती. काळा चष्मा लावून ती दिवसभर टाकीसमोर बसे, पांढऱ्या पट्ट्यांच्या नारिंगी जोडीशी बोले. पवनने सांगितलं तर चिमूटभर खाद्य टाके.

मग काचेवर हिरवं शेवाळ चढलं. कितीही खरवडलं तरी परत यायचं. पाठोपाठ माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसू लागले. मासे दगडांना अंग घासत.

अशातच कॉलेजातला गोपाल बायकोला घेऊन आला. टाकी पाहून हसला. "काय सर, नाली करून टाकली ना हिची!"

पवनचे कान तापले. "मायनं केलं हे. दिवसभर खाऊ टाकून राह्यते. कितीबी सांगा, समजतच नाई तिले."

सुगंधाबाईने चष्मा सावरला. ती उठून आत गेली. त्यानंतर ती स्वयंपाकघरात, सून मोनालीजवळ बसू लागली.

नव्याने आणलेल्या निळ्या माशाने खाणं सोडलं तेव्हा पवनने नागपूरच्या दुकानदाराला व्हिडिओ कॉल लावला.

"टाकी खिडकीत काऊन ठेवली, सर? उन्हानं शेवाळ येणारच. अन् हा निळा मासा नेला, तो पहिले वेगळा ठेवला होता ना?"

"ठेवला होता," पवन म्हणाला.

स्वयंपाकघरात मोनालीची विळी थांबली. निळा मासा आणला त्या दिवशी पवनने तो पिशवीतून काढून सरळ मोठ्या टाकीत सोडला होता. तेव्हा माय समोरच बसली होती.

"मंग हा रोग आला कुठून?" दुकानदाराने विचारलं.

"नाई ठेवला," पवन हळूच म्हणाला. "घाई केली मी."

दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे त्याने सगळे मासे दुसऱ्या टाकीत काढून औषध सुरू केलं. खिडकीला जाड पडदा लावला. नारिंगी जोडी हळूहळू सुधारली. निळा मासा मात्र मेला.

त्याला बागेत पुरून पवन स्वयंपाकघरात आला आणि मायजवळ खाली बसला.

"माय, तुह्यामुळं नाई झालं ते. माह्यामुळं झालं."

"मले मालूम हाये. मी पाह्यलं ना तुले, तो सोडतानी."

"मंग त्या दिवशी बोलली काऊन नाई?"

"पाहुण्यायसमोर?" तिने नवलाने विचारलं. "पाहुण्यायसमोर तुले खोटं पाडू का, बाबू?"

पवनला मान वर करवेना. तिथेच बसून त्याने गोपालला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळं सांगितलं.

"जाऊ द्या ना सर!" गोपाल हसला. "आमी त कवाच विसरलो."

फोन ठेवून पवनने मायकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. "तो विसरला म्हणते," ती म्हणाली, आणि सूप जरा उजेडाकडे सरकवलं.